रुग्णसुरक्षा टिकते ती स्टोअरमध्ये आणि ड्युटी रोस्टरवर

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं. एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट असलेली कुपी, आणि 100 युनिट असलेली कुपी किंवा पेनची कार्ट्रिज. 40 च्या सिरिंजला लाल टोपी, 100 च्या सिरिंजला नारिंगी. समजा रात्रपाळीत 20 युनिट द्यायचे आहेत, वॉर्डच्या फ्रिजमध्ये कुपी 100 ची आहे आणि ट्रेमध्ये सिरिंज लाल टोपीची. वीसच्या रेघेपर्यंत ओढलं की सिरिंजमध्ये अर्धा मिलीलिटर येतं, म्हणजे 50 युनिट. अडीचपट डोस. पहाटे पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध. उलटी चूक झाली तर 20 ऐवजी 8 युनिट जातात, साखर खाली येत नाही, सकाळच्या राउंडला डोस वाढवला जातो. मग दुपारी बरोबर सिरिंज वापरणारी सिस्टर ड्युटीवर येते आणि तो वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने लागतो.

यावरचा आपला नेहमीचा उपाय म्हणजे प्रशिक्षण. हॉलमध्ये दोन तासांचं सत्र, हजेरीपटावर सह्या, नर्सिंग स्टेशनवर लाल-नारिंगी टोप्यांचं लॅमिनेट केलेलं पोस्टर. काही महिने चूक होत नाही. नंतर शिकलेल्या सिस्टरांपैकी दोघी सरकारी भरतीत लागतात, एक आखाती देशात जाते, एकीची आयसीयूमधून बाळंतपणाच्या वॉर्डात बदली होते. त्यांच्या जागी आलेल्या मुलींनी ते सत्र पाहिलेलंच नसतं. पोस्टरवर कोणीतरी लसीकरणाचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं.

दुसरा उपाय कंटाळवाणा आहे, आणि तोच टिकतो. वॉर्डच्या साठ्यात एकाच ताकदीच्या कुप्या ठेवायच्या. 40 ठरवलं तर 40. नारिंगी टोपीची सिरिंज वॉर्डच्या इंडेंटमधूनच (स्टोअरला द्यायच्या मागणीपत्रातून) काढून टाकायची. पेशंटने घरून आणलेलं पेन असेल तर ते पेनच्या सुईनेच वापरायचं, कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून इन्सुलिन ओढायचं नाही. एखादं इन्सुलिन 100 मध्येच मिळत असेल तर ते पेनच्या रूपातच घ्यायचं, कुपी मागवायचीच नाही. यासाठी खरेदी समितीची एक बैठक आणि स्टोअरकीपरशी दोनदा नीट बोलणं एवढंच लागतं. त्यानंतर कोण आलं, कोण गेलं, याने फारसा फरक पडत नाही. चूक करायला लागणारी वस्तूच वॉर्डात नसते.

रुग्णसुरक्षेचे कार्यक्रम आपल्याकडे उत्साहात सुरू होतात आणि दोन-तीन वर्षांत विरून जातात. त्याचं खापर सहसा ‘मानसिकते’वर फोडलं जातं. मला हे निदान चुकीचं वाटतं. कार्यक्रम विरतात कारण ते माणसांच्या लक्षात राहण्यावर उभे केलेले असतात, आणि रुग्णालयात माणसं सतत बदलत असतात. जिथे शक्य असेल तिथे सुरक्षितता खरेदीच्या यादीत, वस्तूंच्या मांडणीत आणि ड्युटीच्या तक्त्यात घालायला हवी. जिथे ते शक्य नाही तिथे रोज पाठपुरावा करणारं एक पगारी माणूस नेमायला हवं, आणि ते कायमचं. या दोन्हींखेरीज जे होतं ते उद्घाटन.

पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. आपल्याकडची नेहमीची 10 मिलीलिटरची अँप्यूल 15 टक्क्यांची असते. तिच्यात 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. पातळ न करता ती शिरेतून झटकन दिली तर हृदय थांबू शकतं. आणि दिसायला ती दहा मिलीच्या इतर अँप्यूलसारखीच. जनरल वॉर्डातून ही अँप्यूल पूर्णपणे काढून घ्यावी हा सल्ला जुना आहे. प्रत्यक्षात ती काढली जाते, आणि परतही येते. कारण रात्री दोन वाजता पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम 2.4, म्हणजे धोक्याइतकं कमी आलं की फार्मसीतून औषध यायला चाळीस मिनिटं लागतात; मग इन्चार्ज सिस्टर सोय म्हणून चार अँप्यूल कपाटात ठेवून देते. तिला मेमो देऊन हे थांबत नाही. रात्री फार्मसीतून वीस मिनिटांत औषध पोचण्याची व्यवस्था करायची, नाहीतर आयसीयूमध्ये कुलूपबंद, वेगळ्या लाल डब्यात मोजका साठा ठेवून तिथूनच पातळ केलेली बाटली लेबल लावून वॉर्डला द्यायची. काढून घेतलेल्या वस्तूची गरज भागवली नाही तर ती वस्तू मागच्या दाराने परत येणारच.

आता जिथे वस्तू काढून भागत नाही त्या गोष्टींकडे येऊ. हात स्वच्छ करणं, शस्त्रक्रियेआधीची तपासणी, पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं. इथे माणसाला दर वेळी काहीतरी करावंच लागतं. अशा सवयींचं काय होतं हे उत्तर प्रदेशातल्या एका मोठ्या प्रयोगात लख्ख दिसलं. 24 जिल्ह्यांतल्या 120 आरोग्य केंद्रांत हा अभ्यास झाला, 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी दिली आणि आठ महिने प्रशिक्षक पाठवून प्रसूती करणाऱ्यांना प्रत्यक्ष कामावर मार्गदर्शन केलं. सुरुवातीला भेटी वारंवार, पुढे विरळ. दोन महिन्यांनी या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी 72.8 टक्के होत होत्या, इतर केंद्रांत 41.7 टक्के. वर्ष उलटल्यावर, म्हणजे मार्गदर्शन थांबून चार महिने झाल्यावर, आकडा 61.7 वर आला होता. इतर केंद्रांत 43.9. आणि माता-बाळांच्या मृत्यूंमध्ये व गंभीर गुंतागुंतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

या निकालाचा अर्थ ‘चेकलिस्ट निरुपयोगी’ असा लावणारे भेटतात. माझ्या मते यातून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. एक, मार्गदर्शन चालू असेपर्यंत वागणूक सुधारते आणि थांबलं की घसरू लागते, तेही चार महिन्यांत. दोन, सवय सुधारली तरी तिच्यामागे औषध, रक्त, कुशल हात आणि वेळेवर पुढच्या रुग्णालयात नेण्याची सोय नसेल तर जीव वाचतोच असं नाही.

शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीची कथाही अशीच. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची ही यादी 2008 मध्ये आली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत (त्यात दिल्लीचंही एक होतं) ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आणि गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती 101 रुग्णालयांत लागू झाली. 2014 च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. यादी तीच होती, पण फॉर्म भरला जाणं आणि टेबलाभोवतीच्या माणसांनी खरोखर थांबून एकमेकांशी बोलणं यांत मोठं अंतर असतं. आपल्याकडच्या कुठल्याही ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ते अंतर पाहायचं असेल तर सकाळी दहाला, शस्त्रक्रिया चालू असताना, कागद उघडून बघा. शेवटचा भाग, म्हणजे गॉज आणि सुया मोजल्याची नोंद, पेशंट ओटीबाहेर नेण्यापूर्वी भरायचा असतो. तो आधीच भरलेला असेल, खाली तिघांच्या सह्या असतील, तर त्या कागदाची किंमत काय ते कळलं.

म्हणून ‘यादी 100 टक्के भरली जाते’ हा आकडा मागूच नये. त्यापेक्षा असं काहीतरी मागावं जे यादीबाहेरच्या नोंदीवरून पडताळता येतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदीत अँटिबायोटिकची वेळ असते, ओटी रजिस्टरमध्ये छेद घेतल्याची वेळ असते. महिन्याला यादृच्छिक वीस केसपेपर काढायचे आणि छेदाआधीच्या साठ मिनिटांत अँटिबायोटिक गेलं का ते बघायचं. हे काम एका माणसाचं, अर्ध्या दिवसाचं आहे.

मोजमापाचा हा मुद्दा थोडा लांबवतो, कारण बहुतेक कार्यक्रम इथेच खोटे पडतात. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण काढायला कोणीतरी फॉर्म घेऊन वॉर्डात उभं राहतं. निरीक्षक उभा असेपर्यंत सगळे हात चोळतात. अहवाल येतो: 92 टक्के. त्याच महिन्याचा स्टोअरचा हिशेब काढा. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान अंदाज दर 1000 रुग्णदिवसांमागे 20 लिटर हँडरबचा (हातावर चोळायच्या जंतुनाशकाचा) आहे. वॉर्डात रोज सरासरी 25 पेशंट असतील तर महिन्याचे 750 रुग्णदिवस झाले. म्हणजे 15 लिटर, अर्ध्या लिटरच्या 30 बाटल्या. इंडेंटमध्ये सहा बाटल्या दिसल्या, तर 92 टक्के हा आकडा कुणाच्या हाताचा आहे? बाटल्या मोजायला निरीक्षक लागत नाही, कोणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही आणि स्टोअरचं रजिस्टर नाहीतरी भरावंच लागतं. बाटली कुठे आहे हेही बघायला हवं. ती नर्सिंग स्टेशनवर असेल तर सिस्टर दर पेशंटमागे पंधरा पावलं मागे येणार नाही. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेली असेल तर हात आपोआप तिकडे जातो. ब्रॅकेट तुटला की ती पुन्हा टेबलावर येते, म्हणून ब्रॅकेट दुरुस्तीचं काम देखभाल विभागाच्या यादीत नावानिशी असावं.

लहान रुग्णालयांत आणखी एक फसगत होते. संसर्गाचे दर मोठ्या संस्थांच्या पद्धतीने दर 1000 सेंट्रल लाइन दिवसांमागे काढले जातात (सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी; एका पेशंटला ती एक दिवस असली की एक लाइन दिवस). दहा खाटांच्या आयसीयूत महिन्याला साठच लाइन दिवस भरले, तर एका संसर्गाने दर 16.7 होतो आणि शून्य संसर्गाने शून्य. आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली होत राहतो, बैठकीत कोणालाच काही कळत नाही, आणि तीन बैठकांनंतर तो आलेख दाखवणं बंद होतं. अशा ठिकाणी मागच्या संसर्गाला किती दिवस झाले एवढंच फळ्यावर लिहावं. तो आकडा कक्षसेवकालाही कळतो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला सेंट्रल लाइन संसर्गाचा प्रयोग टिकला, तो का टिकला हे म्हणूनच बघण्यासारखं आहे. शंभरावर आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आवरण (ड्रेप), क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो मांडीतली शीर टाळणं, आणि गरज संपलेली लाइन काढणं. सरासरी दर 7.7 वरून दीड वर्षात 1.4 वर आला, आणि तीन वर्षांनीही 1.1 होता. त्यांच्याकडे लागणारं सगळं सामान एका गाडीवर असे, त्यामुळे क्लोरहेक्सिडिन शोधायला कपाटं उघडावी लागत नसत. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिलेला होता. आणि प्रत्येक युनिटला आपला आकडा नियमित परत मिळत होता. ‘जनजागृती’वर काहीच सोडलेलं नव्हतं. आपल्याकडे गाडी सहज होईल. सिनियर डॉक्टरला ‘सर, थांबा, ड्रेप लहान आहे’ म्हणणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी वैद्यकीय अधीक्षक उभा राहील का, हा मात्र अवघड प्रश्न आहे. तो एकदा उभा राहिला नाही की ती पुन्हा कधी बोलत नाही, आणि तिची मैत्रीणही बोलत नाही.

आता प्रमाणपत्रांविषयी. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारं एनएबीएच हे राष्ट्रीय मंडळ असो वा सरकारी रुग्णालयांसाठीची एनक्यूएएस ही गुणवत्ता मानकं, त्यांनी बरंच चांगलं काम केलं आहे. स्वच्छतेसाठी 2015 पासूनच्या कायाकल्प योजनेने अनेक सिव्हिल रुग्णालयांचा चेहरा बदलला. केंद्रीय कर्मचारी आरोग्य योजनेत एनएबीएच असलेल्यांना जास्त दर मिळतो, त्यामुळे खासगी व्यवस्थापनही हलतं. बाहेरच्या दट्ट्याशिवाय बहुतेक ठिकाणी काहीच झालं नसतं, हे मान्य. तरी तपासणीचं कॅलेंडर आणि रोगाचं कॅलेंडर वेगळं असतं. एनएबीएचच्या पाचव्या आवृत्तीत 10 प्रकरणं, 100 मानकं आणि 651 घटक होते. एवढं सगळं सारख्याच तीव्रतेने वर्षभर पाळणं पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयाला झेपत नाही. मग तपासणीआधी तीन महिने बाहेरचा सल्लागार येतो, मागच्या तारखांची रजिस्टरं भरली जातात, रात्री जागून फायली लावल्या जातात, आणि टीम गेली की फायली कपाटात. कर्मचाऱ्यांच्या मनात ‘सुरक्षा म्हणजे फायली’ हे समीकरण पक्कं होतं. हे नुकसान प्रमाणपत्र न मिळण्यापेक्षा मोठं आहे.

व्यवस्थापनाने स्वतःपुरती पाच-सहा मोजमापं निवडावीत आणि ती पाच वर्षं बदलू नयेत. बाकीचे घटक तपासणीपुरते सांभाळावे लागतील, सांभाळावेत. त्यात ढोंग आहे, पण 651 गोष्टींच्या ढोंगापेक्षा ते कमी आहे.

आगीच्या बाबतीत तर तपासणीचं हे कॅलेंडर जीवघेणं ठरलं. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात दहा बाळं गेली. राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागली, 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये, आणि तिथे किमान अकरा पेशंट दगावले. राज्याच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. समजा जुलैत तपासणी झाली. ऑगस्टमध्ये दोन व्हेंटिलेटर आले, सप्टेंबरमध्ये देणगीतून बाळांना ऊब देणारे तीन वॉर्मर, ऑक्टोबरमध्ये आणखी एक एसी. सगळे जुन्याच वायरिंगवर, काही एक्स्टेंशन बोर्डवर, ऑक्सिजन भरलेल्या आणि खिडक्या बंद असलेल्या खोलीत, चोवीस तास. प्रमाणपत्र खरं आहे, फक्त ते जुलैच्या खोलीचं आहे. विजेवर चालणारं कुठलंही उपकरण, देणगीतलंसुद्धा, विद्युत अभियंत्याच्या भार-मंजुरीच्या सहीशिवाय साठ्यात नोंदवायचंच नाही, एवढा एक नियम खरेदीच्या फाइलमध्ये घातला तर दोन तपासण्यांमधली सहा महिन्यांची फट बरीचशी बुजते.

या आगींनंतर काय झालं तेही विसरता येत नाही. भंडाऱ्यात परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. अहमदनगरमध्ये एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोणाचा किती दोष हे न्यायालय ठरवेल. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या वॉर्डात रात्री एकटी असलेली सिस्टर यातून काय शिकते? सॉकेटमधून ठिणगी दिसली असं लिहून दिलं तर उद्या तेच कागद आपल्याविरुद्ध येतील. त्यानंतर घटना-नोंदणीचे (काय चुकलं, कुठे धोका दिसला हे कळवायचे) फॉर्म छापून उपयोग नसतो. वर्षभरात दोनशे खाटांच्या रुग्णालयात चारच घटना नोंदल्या गेल्या असतील तर ते रुग्णालय सुरक्षित नसून गप्प आहे.

नोंदणी टिकवायची तर फॉर्म एका पानाचा, पाच ओळींचा आणि मराठीत हवा. नाव लिहिणं ऐच्छिक. महत्त्वाचं म्हणजे सात दिवसांत उत्तर हवं, भले ते ‘नवीन सॉकेट मागवलं, पंधरा दिवस लागतील’ एवढंच असो. उत्तर आलं नाही की दुसरा फॉर्म येत नाही. कारणमीमांसेच्या रकान्यात ‘संबंधित परिचारिकेस समज दिली’ हे वाक्य आलं तर फाइल परत पाठवावी, कारण तिथे मीमांसा थांबलेली असते. आणि पहिल्या दोन वर्षांत घटनांची संख्या वाढली तर ती बढतीच्या अहवालात अधीक्षकाच्या विरोधात जाणार नाही, हे वरून लेखी यायला हवं.

‘आधी पदं भरा, मग सुरक्षेचं बोला’ हा आक्षेप दर बैठकीत येतो आणि तो खोटा नाही. रात्री पन्नास पेशंटमागे दोन सिस्टर असतील तर तिथे हात स्वच्छ करण्याचे ठरलेले पाचही क्षण (पेशंटला हात लावण्याआधी, नंतर वगैरे) पाळले जातील असं समजणं ही थट्टा आहे. पण याच कारणासाठी मी वस्तू आणि मांडणीवर भर देतो आहे. मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणी लक्षात ठेवण्याचं ओझं कमी करणारे उपाय जास्त लागतात. शिवाय एकाच पेशंटचं नाव तीन ठिकाणी लिहायला लावणारी रजिस्टरं बंद केली तर पाळीमागे काही मिनिटं नक्की मोकळी होतात. नवीन सुरक्षा फॉर्म सुरू करताना जुना एक बंद करायचा, असा नियम केला तर बघा किती विरोध होतो. तोही सिस्टरांकडून नव्हे, कार्यालयाकडून.

एका पदाबाबत मात्र तडजोड नको. संसर्ग नियंत्रण आणि सुरक्षेची परिचारिका पूर्णवेळ हवी. ‘आयसीयू सांभाळून हेही बघ’ असं म्हटलं की गर्दीच्या दिवशी ती आयसीयूच बघणार, आणि संसर्ग गर्दीच्या दिवशीच वाढतात. नवीन आलेल्या प्रत्येक सिस्टरला आणि निवासी डॉक्टरला पहिल्याच पाळीत, वॉर्डात, हातात वस्तू देऊन तासभर दाखवणं हे तिचं काम. कंत्राटी आणि बंधपत्रित कर्मचारी, सफाई कामगार, सुरक्षारक्षक यातून सुटता कामा नयेत. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे रात्री कित्येकदा फक्त त्यांनाच माहीत असतं.

सरकारी रुग्णालयात अधीक्षक बदलला की कार्यभार देताना चाव्या, कॅशबुक, जडवस्तू संग्रह नोंदवही, न्यायप्रविष्ट प्रकरणं यांची यादी होते, दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत सुरक्षेचं एकही पान नसतं, म्हणून नवा साहेब शून्यापासून सुरू करतो आणि स्वतःचा वेगळा उपक्रम काढतो. आरोग्य विभागाने कार्यभार हस्तांतरणाच्या नमुन्यात एक पान वाढवावं: गेल्या बारा महिन्यांची ती पाच-सहा मोजमापं, वॉर्डातून काढून घेतलेल्या औषधांची आणि सिरिंजांची यादी, उत्तर न दिलेले घटना-फॉर्म, शेवटच्या विद्युतभार तपासणीनंतर आलेली उपकरणं, आणि त्या पूर्णवेळ परिचारिकेचं नाव. ते पान कोरं असेल तर कार्यभार पूर्ण झाला असं धरू नये.